धाकट्यांचा कोट

आज दिवसभर पाय मोडेस्तोवर हिंडलात ना? धाकट्यांचं घर झालं, छापखाना झाला, नदीकाठची कोठडी झाली, आणि प्रत्येक ठिकाणी जाऊन फोटो काढलेत ते स्वतःच्याच तोंडांचे. नको, दाखवू नका. तुमची तोंडं मी रोज बघतो. मला एवढंच सांगा, वरच्या खोलीत तो पुतळा आहे ना, त्याच्या अंगावरच्या कोटाला कोणी हात लावलात का?

नाही ना? बरं केलंत. मग सांगायला हरकत नाही. तो दिवा जरा पलीकडे सरकवा, डोळ्यांवर येतोय. आणि ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, मध्ये दात काढलेले मला चालत नाहीत.

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरली तो शिंपी माझा मित्र. सगळा गाव त्याला मास्तर म्हणतो. माझ्या लग्नातला कोट त्यानेच शिवला होता, त्याची बाही एका बाजूला आखूड झाली, आणि तरीही आमची मैत्री टिकली. यावरून काय ते समजा. खोटं बोलणं त्याला जमत नाही. खोटं बोलायला जी कल्पना लागते ती त्याच्याकडे नाहीच.

धाकटे म्हणजे कोण ते तुम्ही पाटीवर वाचलंच असेल. घरातले धाकटे म्हणून धाकटे. पोरसवदा वयात त्यांनी सरकारविरुद्ध माणसं उभी केली, रात्री पत्रकं छापली, पहाटे वाटली. चोविसाव्या वर्षी एका रात्री मागच्या दाराने बाहेर पडले ते पडलेच. आज नव्वदीचे म्हातारेसुद्धा त्यांना धाकटेच म्हणतात. माणूस ज्या वयात जातो त्याच वयाचा राहतो, दुसरं काय.

त्या घराचा एक नेम आहे. धाकट्यांचा खरा कोट खाली काचेच्या पेटीत असतो, त्याला कोणी हात लावत नाही. वर पुतळ्याच्या अंगावर असतो तो दरवर्षी नवा शिवतात, कारण खिडकीतल्या उन्हाने त्याचा रंग उडतो. आणि तो चढवायचा ते धाकटे ज्या रात्री घर सोडून गेले त्याच रात्री. सगळे बघे बाहेर पडले की शिंप्याने एकट्याने वर जायचं, जुना कोट उतरवायचा, नवा चढवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी भाषणं, फुलं, फोटो. आधी मास्तरचे वडील हे काम करायचे, मग मास्तर करू लागला. पुतळ्याचं माप त्याला तोंडपाठ होतं. छाती बेचाळीस. खरे धाकटे कसे होते देव जाणे, पण पुतळा करणाऱ्याने त्यांना पहिलवानाची छाती देऊन टाकली होती. मास्तर म्हणायचा, माझं हे एकच गिऱ्हाईक उधारी मागत नाही आणि खिसा चुकला म्हणून परत येत नाही.

आता त्या वर्षाचं सांगतो. मास्तरला एकुलता एक मुलगा होता. शिवणकामात त्याचं मन रमलं नाही, म्हणून दुसऱ्या शहरात यंत्रांच्या कारखान्यात लागला होता. उंच, सडपातळ पोरगा. चोविसावं नुकतंच लागलं होतं. जुलैत नदीला पूर आला त्या रात्री तो घरी यायला बसमध्ये बसला, आणि ती बस पुलावरून खाली गेली. बाकीची सगळी माणसं सापडली. कोणी जिवंत, कोणी गेलेलं. हा तेवढा सापडला नाही.

मास्तर रडला नाही. लोकांना वाटलं, धीराचा माणूस आहे. धीर कसला, तो बधिर झाला होता. चहात साखर असली तरी प्यायचा, नसली तरी प्यायचा. बोटात सुई गेली तर कापडाला रक्त लागू नये म्हणून बोट बाजूला धरायचा आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवायचा. मी दुकानात जाऊन बसायचो. तासभर बसलो तरी तो एक शब्द बोलायचा नाही, आणि मी उठलो तर "बसा की" म्हणायचा.

वहिनी, म्हणजे मास्तरची बायको, सुरुवातीला रोज संध्याकाळी विचारायची, "काही कळलं?" तो म्हणायचा, "नाही." पुढे तिने विचारणं सोडलं. ताट मात्र तिघांचं घ्यायची आणि एक परत ठेवून द्यायची. असे पाच महिने गेले, आणि डिसेंबर आला.

डिसेंबरातला दुसरा गुरुवार, कोट चढवायचा दिवस. आकाशात चंद्र नव्हता. त्या दिवशी सकाळी मास्तर दुकानात निघाला तेव्हा वहिनी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "अहो, मी तुम्हाला एकच मागते. तो गेला म्हणा, नाहीतर आहे म्हणा. तुम्ही म्हणाल ते मी धरून चालेन. पण हे असं अधांतरी मला जगता येत नाही."

मास्तरला दोन्हींतलं काहीच म्हणता येईना. गेला म्हणायला जीभ उचलत नव्हती, आणि आहे म्हणायला आत कुठे काही हलत नव्हतं.

"रात्री येऊन सांगतो," तो म्हणाला.

"नक्की सांगा," ती म्हणाली, आणि बाजूला झाली.

दिवसभर त्याने धाकट्यांच्या कोटाचं उरलंसुरलं काम संपवलं. अस्तर बसवलं, बटणं लावली, इस्त्री फिरवली. अंधार पडताना कोट जुन्या चादरीत गुंडाळून तो निघाला. जाताना पानवाल्याने विचारलं, "मास्तर, यंदाही तुम्हीच का?" मास्तर म्हणाला, "मीच." बाजाराचा रस्ता ओलांडला, शाळेच्या भिंतीकडेने वळला आणि धाकट्यांच्या घरी पोचला.

तिथला मॅनेजर सकाळच्या समारंभाच्या खुर्च्यांवरून कोणाशी तरी हुज्जत घालत होता. "मास्तर, जरा थांबा," तो म्हणाला. "शेवटची तुकडी आत आहे. ती बाहेर पडली की घर तुमचंच." थांबायचं कुठे, म्हणून मास्तर त्या तुकडीच्या मागे मागे फिरू लागला. आता गंमत बघा. जन्म त्या गावात गेला, इतकी वर्षं त्या घरात येणंजाणं, पण पाहुण्यासारखं ते घर त्याने कधी बघितलं नव्हतं. आपल्या गावातलं कोण बघतो? तुम्हीसुद्धा लांबून आलात म्हणून गेलात.

माहिती सांगणारी मुलगी हुशार होती. बाहेरची खोली दाखवली, स्वयंपाकघरातली भांडी दाखवली. खिडकीतून बोट करून म्हणाली, "तो पलीकडे छापखाना, त्याच्यामागे कोठडी, आणि खाली दिसतेय ती नदी." मग सगळ्यांना काचेच्या पेटीपाशी आणलं. मास्तरने तो खरा कोट त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. शिंप्याची नजर ती. त्याच्या लक्षात आलं, हा कोट पुतळ्याला होणारच नाही. हा एका बारीक अंगाच्या पोराचा कोट आहे.

मागच्या दारापाशी मुलगी थांबली. "त्या रात्री शिपाई आले तेव्हा धाकटे या दाराने निघून गेले होते," ती म्हणाली. "आईंनी पलंगावर लोड ठेवून त्यावर पांघरूण घातलं आणि शिपायांना सांगितलं, झोपलाय."

एका बाईंनी विचारलं, "मग पुढे सापडले का?"

"नाही. नदीपर्यंत पावलं दिसली. त्याच्यापुढे नाही. कोणी म्हणतात गोळी घातली, कोणी म्हणतात पलीकडे गेले. पण आईंनी शेवटपर्यंत गेला असं म्हटलं नाही. कोणीही विचारलं तर एकच सांगायच्या. झोपलाय."

लोक हळहळले. कोणीतरी दाराचा फोटो काढला. मास्तर चादरीतलं गाठोडं छातीशी धरून उभा होता. त्याला त्या बाईंचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. फक्त एवढंच मनात आलं, की मलाही घरी जाऊन काहीतरी सांगायचंय.

तुकडी गेली. मॅनेजर गेला. रखवालदाराने पुढचं दार लोटलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. मास्तर जिना चढून वर गेला.

ती खोली तुम्ही दोरीच्या बाहेरून बघितलीत. आतून ती बरीच लहान आहे. पलंग, टेबल, खिडकी, आणि मध्ये पुतळा, तोंड दाराकडे. फायबरच्या पुतळ्याला कपडे कसे घालतात ठाऊक आहे? त्याचे हात वळत नाहीत. म्हणून ते खांद्यापासून फिरवून काढायचे, कोट आधी धडावर चढवायचा, मग बाहीतून हात आत सरकवून पुन्हा बसवायचे. मास्तरने जुना कोट उतरवला. दोन्ही हात काढले आणि पलंगावर शेजारी शेजारी ठेवले. मग नवा कोट चादरीतून काढला, धडावर चढवला, आणि पुढे येऊन बटण लावायला गेला.

बटण काजापर्यंत पोचेना.

त्याने खांदे सारखे केले. पुन्हा ओढलं. दोन्ही पुढ्यांच्या मध्ये वीतभर फट. मास्तरसारख्या माणसाच्या हातून अशी चूक म्हणजे तुमच्या हातून स्वतःचं नाव चुकण्यासारखं. त्याने कोट उतरवला, टेबलावर पसरला आणि हाताने चाचपला. छाती, खांद्याची रुंदी, बाहीची लांबी. बोटांना ते माप ओळखीचं लागलं. इतकं ओळखीचं, की डोक्याला कळायच्या आधी हातांना कळलं.

त्याने धाकट्यांचा कोट बेतला होता आपल्या मुलाच्या मापाने.

त्या दिवशी दुकानात कापड टेबलावर टाकलं, खडू घेतला, आणि हात आपले चालत राहिले. बेचाळीसच्या जागी छत्तीस. डोकं कुठे होतं कोण जाणे. मास्तर मला म्हणाला, "तेव्हा मला रडू यायला हवं होतं. मी वाट बघितली. नाही आलं." तो तिथेच पलंगाच्या कडेवर बसला, त्या फायबरच्या हातांशेजारी. सकाळी समारंभ. नवं कापड नाही, वेळ नाही. जुना कोट परत चढवावा आणि उद्या मॅनेजरची बोलणी खावीत, एवढंच त्याला सुचलं.

तेवढ्यात दिवे गेले.

सव्वासात झाले होते. वेळ त्याला ठाऊक आहे, कारण त्याने मोबाइल काढला आणि त्याचा उजेड लावला. मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. उजेड गेला छताला. खोलीत कोपरे दिसू लागले, माणसाएवढ्या उंचीवर मात्र नुसता काळोख. खालून रखवालदार ओरडला, "मास्तर, लाइट गेली हो. उतरू नका, जिन्यावर पडाल." मास्तर म्हणाला, "बरं."

मग उगाच बसून काय करायचं, म्हणून तो उठला आणि गळ्यातली टेप काढली. पुतळ्याचं माप पुन्हा घ्यायचं. कशाला, ते त्यालाही सांगता येत नाही. शिंप्याला काही सुचेनासं झालं की तो माप घेतो, असं समजा.

टेप पाठीमागून घेतली. काखेखालून पुढे आणली. छातीवर दोन्ही टोकं जुळवली. बोट ठेवलं. टेप उजेडात नेऊन वाचली.

छत्तीस.

चुकलं असेल. अंधारात टेप वळली असेल. पुन्हा घातली. पुन्हा जुळवली.

छत्तीस.

खांदा मोजला. पाठ मोजली. त्याला आकडे वाचायची गरज नव्हती. हे खांदे त्याने शाळेच्या पहिल्या गणवेशापासून मोजले होते.

हलू नका रे. ऐका नुसतं.

तिसऱ्यांदा त्याने टेप छातीभोवती घेतली. आता काढली नाही. धरून ठेवली. सैल नाही, घट्ट नाही. गिऱ्हाइकाला धरतो तशी.

टेप ताणली गेली.

अगदी थोडी.

मग सैल झाली.

मग पुन्हा... ताणली गेली.

आणि मास्तर सवयीने बोलून गेला, "श्वास रोखू नका. नेहमीसारखा घ्या."

खाली रस्त्यावर कशाचा आवाज नव्हता. खोलीतही नव्हता. फक्त बोटांमधली टेप. ताणत होती... सैल होत होती...

मी त्याला विचारलं, "अरे, पळाला कसा नाहीस?" तो म्हणाला, "घाबरायला आत काहीतरी लागतं. माझ्या आत काही उरलंच नव्हतं."

त्याने टेप हळूच सोडली. गळ्यात अडकवली. टेबलावरचा कोट उचलला. मागे जाऊन उभा राहिला, गिऱ्हाइकाच्या मागे राहतो तसा. दोन्ही हातांनी कॉलर धरली. डावी बाही जरा खाली केली. आणि थांबला.

बाहीत हात आला.

हात पलंगावर काढून ठेवले होते. त्याने स्वतः ठेवले होते. नुसती मान वळवली असती तर दिसले असते. किंवा नसते दिसले. त्याने मान वळवली नाही.

उजवी बाही खाली केली...

तोही आला.

कोट खांद्यावर बसला. मास्तर समोर आला. नजर बटणांवर ठेवली, वर नेली नाही. खालचं लावलं. मधलं लावलं. वरचं लावलं. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. खांद्यावरचा दोरा झटकला. आणि हात तसाच खांद्यावर राहिला.

"आईला काय सांगू?" मास्तर म्हणाला.

...

कोट वर आला. खाली गेला.

"ती घरी बसलीय वाट बघत. मी रात्री सांगतो म्हणालोय. गेला म्हणून सांगू?"

...

वर आला. खाली गेला.

"मग काय आहे म्हणून सांगू? अरे, काहीतरी बोल."

कोट वर आला...

आणि वरच राहिला.

किती वेळ, ते मास्तरला ठाऊक नाही. हाताखालचा खांदा ताठ झाला होता. लहान मूल अंधारात कोणीतरी शोधत असताना श्वास धरून बसतं तसं काहीतरी त्या खोलीत झालं होतं, आणि मास्तरनेही आपला श्वास धरला होता. दोघंही तसेच. कोणीच आधी सोडेना.

मग दिवे आले.

समोर पुतळा होता. फायबरचा, गुळगुळीत, डोळे दाराकडे. कोट अंगावर नीट बसलेला. दोन्ही हात बाह्यांत, जिथे असायला हवेत तिथे. मास्तरने बोटाने छातीवर टकटक केलं. पोकळ वाजलं. पलंग रिकामा होता.

जिन्याखालून रखवालदाराने विचारलं, "झालं का मास्तर?"

"झालं."

"कोणाशी बोलत होता?"

"गिऱ्हाइकाशी," मास्तर म्हणाला, आणि जुना कोट चादरीत गुंडाळून खाली उतरला.

घरी आला तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात खालीच बसली होती. पुढ्यात तिसरं ताट अजून तसंच होतं. तिने वर बघितलं. सकाळी विचारून झालंच होतं.

मास्तर तिच्यासमोर बसला. म्हणाला, "मी आज त्याचं माप घेतलं."

दुसरी कोणी बाई असती तर शेजाऱ्यांना हाका मारल्या असत्या. ही शिंप्याची बायको. हिने विचारलं, "किती भरलं?"

"छत्तीस."

"बरोबर आहे," ती म्हणाली. उठली, आणि ते ताट या खेपेला परत फळीवर न ठेवता तिथेच उपडं घातलं. मास्तर मला म्हणाला, "तिला उत्तर दिलं की नाही, मला कळेना. आणि ते पुरलं की नाही, हे तिला विचारायचं धाडस होईना."

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. पाहुण्यांनी पुतळ्याकडे बघून म्हटलं, वा, कोट काय बसलाय. मॅनेजर खूश. एकालाही छातीतला फरक दिसला नाही, आणि मास्तरने दाखवला नाही. मग वर्ष गेलं. वर्षं जातात त्याला काय. दुकान चालू होतं, मशीन चालू होतं. वहिनीने विचारणं पुन्हा सुरू केलं नाही, पण तिचं सगळं लक्ष कानांत जाऊन बसल्यासारखं असायचं. मास्तर तसाच, दगड. त्या घराच्या रस्त्यानेही तो जात नव्हता. नदीकडे जायचं तर लांबचा वळसा घालायचा.

पुढच्या डिसेंबरात रखवालदार एक पिशवी घेऊन दुकानात आला. म्हणाला, "मॅनेजर साहेबांनी जुना कोट आधीच काढून पाठवलाय. म्हणाले, मास्तरांना सांग, यंदा जरा सैल शिवा. हा आटलाय."

"आटला?" मास्तर म्हणाला. "धुतला होता का?"

"नाही बुवा. काढेपर्यंत अंगावरून हललेला नाही. पण गेले दोन महिने खालचं बटण राहत नव्हतं, सारखं सुटायचं. मीच दोनदा लावलं. तिसऱ्यांदा हातातच आलं."

आता तू मघापासून कुजबुजतोयस, ते मी ऐकलंय. रखवालदारच घालत असेल रात्री थंडीचा, असंच ना? तेव्हाचा रखवालदार तुम्ही बघितला नाहीत. दारातून आडवा होऊन आत शिरावं लागतं त्याला, त्या कोटात त्याचा एक हातसुद्धा गेला नसता. त्याचं जाऊ दे.

मास्तर कोट घेऊन घरी गेला. पिशवीतून काढला आणि खोलीतल्या सतरंजीवर, दिव्याखाली पसरला. वहिनी चष्मा लावून शेजारी येऊन बसली. दोघंही शिलाईतली माणसं, कोट वाचता येतो त्यांना. उभ्या पुतळ्याच्या अंगावरून उतरवलेला कोट कोराच असायला हवा, फार तर उन्हाने विटलेला. या कोटाची कोपरं चकाकत होती. बाह्यांना आतल्या बाजूने चुण्या पडल्या होत्या, हात हजारदा दुमडल्यावर पडतात तशा. कॉलरच्या आत मळाची बारीक रेघ होती. आणि पोटावर दोन्ही कडांची शिवण ताणून ताणून दोरा दिसायला लागला होता, खालच्या बटणाच्या जागी कापडच निघून आलं होतं.

मास्तरने त्या शिवणीवर अंगठा ठेवला, आणि तिथेच त्याला रडू फुटलं. दीड वर्षाचं सगळं. वहिनीने त्याला रडू दिलं. तिने कोट आपल्याकडे ओढला, पालथा करून बघितला, उजेडाकडे धरून बघितला, मग मांडीवर घेऊन त्याच्या दोन्ही कडा हाताने सारख्या केल्या.

"अंगाने भरलाय," ती म्हणाली.

मास्तरने डोळे पुसले. मान हलवली.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "म्हणजे तिकडे जेवायला नीट मिळत असेल ना हो त्याला?"

मास्तरने ती उसवलेली शिवण पुन्हा एकदा बघितली.

"दिसतंय तरी तसं," तो म्हणाला.